शाळेत जाणारी मुलेमुली, त्यांचे आरोग्य आणि आपण आया

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींपुढे केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. दरवर्षी या दिवशी बाहेरून कोणी शिकलेल्या बाई येतात, त्या बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि माझे नाव पुढे केले. मी पुष्कळ आढेवेढे घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सारा जन्म चुलीपुढे, गोठ्यात आणि कांद्याच्या वाफ्यात गेला. चारचौघांत उभे राहून बोलण्याचा सराव नाही. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही शाळेत जाऊन जे केलेत तेवढेच सांगा." म्हणून उभी आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

माझे माहेर जुन्नर तालुक्यातले, नाणेघाटाच्या वाटेवरचे, सासर आंबेगावचे. आपल्या मंडळात दोन्हीकडच्या बायका आहेत, तेव्हा मी दोन्हीकडची आहे असे समजा.

गेल्या वर्षी माझी थोरली मुलगी नववीत होती. सकाळी आठच्या एस.टी.ने जायची आणि संध्याकाळी सहाला घरी यायची. मी तिला रोज भाकरीचा डबा आणि पाण्याची बाटली भरून देई. एक दिवस ती घरी आली ती तापाने फणफणलेली. पोटात कळा, लघवीला आग. मी धन्याजिऱ्याचे पाणी दिले, सब्जा दिला. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप चढला तेव्हा दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली आणि मला विचारले, "मुलगी दिवसाचे पाणी किती पिते?" मी मोठ्या अभिमानाने म्हणाले, "अहो, मी रोज बाटली भरून देते." त्या मुलीकडे वळल्या. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मी बाटली उघडतच नाही."

भगिनींनो, त्या क्षणी मला आठवले. रोज संध्याकाळी ती बाटली भरलेलीच परत येत होती. मी ते पाणी तुळशीला ओतत होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरत होते. माझ्या हातून ती बाटली रोज जात होती, आणि एकदाही माझ्या मनात आले नाही की हिने दिवसभर प्यायले काय?

घरी आल्यावर तिला जवळ घेऊन विचारले. ती म्हणाली, "आई, पाणी प्यायले की जावे लागते. आणि तिथे जाण्यासारखे नाही. दाराला कडी नाही, आत पाणी नाही. एकीने आत जायचे आणि दुसरीने दार धरायचे. त्यापेक्षा न प्यायलेले बरे. आम्ही कोणीच पीत नाही."

"आम्ही कोणीच पीत नाही" हे तिचे शब्द माझ्या मनातून जाईनात.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितले ते आपणांलाही सांगते, कारण ते प्रत्येक आईला माहीत हवे. बाईच्या शरीराची रचनाच अशी आहे की बाहेरचे जंतू लघवीच्या पिशवीपर्यंत लवकर पोहोचतात. भरपूर पाणी प्यावे आणि वेळच्या वेळी जाऊन यावे म्हणजे ते जंतू धुऊन जातात. पाणी कमी आणि तासन्‌तास रोखून धरणे असे झाले की ते तिथेच वाढतात. दुखणे अंगावर काढले तर ते वर मूत्रपिंडापर्यंत जाते. थंडी वाजून येणारा ताप ही त्याचीच खूण. मग धन्याजिऱ्याच्या पाण्याने भागत नाही, औषधच लागते, आणि ते डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पुरते घ्यावे लागते. शिवाय पाण्यावाचून डोके दुखते, बद्धकोष्ठ होते, दुपारच्या तासांना लक्ष लागत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाचे सात-आठ भांडी पाणी हवे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. आपली मुलगी दहा तास घराबाहेर असते. त्या दहा तासांत ती एक घोटही घेत नसेल तर काय होणार?

आता थोडे माझ्याबद्दल सांगते. आजवर हे कोणाला सांगितले नव्हते. मला कोणी विचारले की शाळा का सोडली, तर मी म्हणे, "माझे अभ्यासात लक्षच नव्हते." ते खरे नाही. सातवीपर्यंतची शाळा आमच्या गावात होती. आठवीला दुसऱ्या गावी चालत जावे लागे. मी जेमतेम तीन महिने गेले. एक दिवस वर्गातच मला पाळी आली. त्या शाळेत मुलींना आडोसा नव्हता. मी दप्तर पाठीमागे धरून तशीच घरी चालत आले. दुसऱ्या दिवशी गेले नाही, तिसऱ्या दिवशी गेले नाही. का जात नाहीस असे कोणी विचारले नाही. वडील म्हणाले, "सातवी झाली, पुरे झाले." त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. मुलीचे बोलणे ऐकल्यावर त्या रात्री मी हे तिला सांगितले. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा चालवली ती १८४८ साली. शेण-चिखलाचा मारा सोसून त्यांनी मुलींना शाळेचे दार उघडून दिले. पण त्या दाराच्या आत मुलीला दिवसभर नीट बसता आले पाहिजे, हे पाहायला कोण येणार? ते आपणच पाहायचे.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाचजणी शाळेत गेलो. आमच्यातली एक वाटेत म्हणत होती, "अगं, संडासाच्या गोष्टी सरांपुढे कशा बोलायच्या?" मलाही तीच चिंता होती. पण हेडसरांनी ऐकून घेतले. ते म्हणाले, "बाई, निकालाच्या दिवसाखेरीज पालक इकडे फिरकत नाहीत. तुम्ही आलात हे बरे झाले." मग आम्ही सगळे पाहिले. शाळेत मुली दीडशेच्या वर. मुलींसाठी बांधलेल्या खोल्या तीन. एकीत मोडकी बाके भरलेली, एक बाईंसाठी कुलूप लावून ठेवलेली, आणि उरलेली एक, तिला कडी नाही आणि नळ आहे पण नळाला पाणी नाही. सरकारने स्वच्छ विद्यालयाचा जो कार्यक्रम २०१४ साली काढला त्यात असे सांगितले आहे की दर ४० मुलींमागे एक संडास आणि तीन मुताऱ्या असाव्यात. आमच्या शाळेत दीडशे मुलींत चालू स्थितीत एकही नव्हती.

मी शाळेला नावे ठेवायला उभी नाही. इमारत बांधायला पैसा मिळतो, पण ती रोज धुवायला माणूस मिळत नाही, हे हेडसरांचे म्हणणे खोटे नव्हते. मग आम्ही वाटणी केली. बाके हलवणे आणि टाकीपासून नळी ओढणे शाळेने करायचे. दोन कड्या, बादल्या, मग, झाकणाचा डबा आणि साबण मंडळाने द्यायचा. झाडणाऱ्या बाईंना रोज अर्धा तास जास्तीचे काम, त्याची मजुरी निम्मी शाळेची, निम्मी पालकांच्या वर्गणीची. कुलूप लावलेली खोली उघडायला शाळेतल्या बाईंनीच पुढाकार घेतला. त्या म्हणाल्या, "मुलींना मिळत नाही ते मला कशाला?"

पंधरा दिवसांत काम झाले. सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन बादल्या नाहीशा झाल्या, झाडणाऱ्या बाई आजारी पडल्या, आणि दोन आठवडे पुन्हा जैसे थे. मुलींनी पुन्हा पाणी पिणे सोडले. तेव्हा आमच्या लक्षात आले की एकदा करून भागत नाही. आता दर सोमवारी आमच्यातली एकजण पाळीपाळीने शाळेत जाऊन फक्त पाहून येते. कडी आहे का, पाणी आहे का, डबा रिकामा झाला का. त्याला दहा मिनिटे लागतात.

आणखी एक गोष्ट शाळेने केली. केरळात २०१९ साली शाळांतून पाण्याची घंटा सुरू झाली. ठराविक वेळी घंटा वाजली की सगळ्या मुलांनी पाणी प्यायचे. आमच्या हेडसरांना ते पटले. आता दोनदा तशी घंटा होते. पहिले काही दिवस मुलगे हसत होते, पण पितात! माझ्या मुलीची बाटली आता संध्याकाळी रिकामी येते. तुळशीला मी वेगळे पाणी घालते.

पाण्यानंतर दुसरी गोष्ट जेवणाची आणि रक्ताची.

शाळेत गेल्यावर हेही कळले की प्रार्थनेच्या वेळी मुली चक्कर येऊन पडतात. बहुतेक नववी-दहावीच्या. याचे एक कारण अगदी साधे आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचा पोषण आहार मिळतो तो आठवीपर्यंत. नववीत गेल्यावर तो बंद होतो. नेमक्या त्याच वयात अंग भरते, उंची वाढते, पाळीत रक्त जाते. त्यातून आपल्या भागात आणखी एक अडचण. उसाच्या फडांत बिबटे आहेत. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे हे आपण सगळ्या जाणतो. मुलींनी एकट्यादुकट्याने जाऊ नये, घोळक्याने बोलत जावे, हे बरोबरच आहे. पण घोळका निघाला की मुलगी अर्धी भाकरी टाकून धावते. घरातून फक्त चहा पिऊन निघालेली मुलगी दुपारी एकपर्यंत उपाशी असते.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर जी आरोग्य पाहणी झाली, तिच्यात १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. शंभर मुलग्यांपैकी ३१. म्हणजे मुलगेही सुटलेले नाहीत. मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्त कमी समजतात. अशी मुलगी सारखी दमते, चिडचिड करते, पायऱ्या चढताना धापा टाकते. आपण म्हणतो, "आळशी झाली आहे." ती आळशी नसते, तिचे रक्त कमी असते.

यासाठी शाळेतून आठवड्याला एक निळी गोळी देतात. ती लोहाची गोळी, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी. आता माझी चूक सांगते. माझी मुलगी आठवीत असताना एकदा ती गोळी घेऊन आली आणि म्हणाली, मळमळते, शौचाला काळे होते. मी घाबरले. शेजारणीही म्हणाल्या, "कसली कसली औषधे देतात, नको घेऊ." मी तिला सांगितले की गोळी घ्यायची आणि गुपचूप टाकून द्यायची. वर्षभर तिने तसेच केले. पुढे रक्त तपासले तेव्हा ते साडेनऊ निघाले. दोष कोणाचा? माझा. लोहाच्या गोळीने शौच काळे होते, त्याने काही अपाय नाही. गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळते, जेवणानंतर घेतली तर फारशी नाही. एवढे मी शाळेत जाऊन विचारले असते तर मुलीचे वर्ष वाया गेले नसते. तसेच वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात. पोटात जंत असले तर खाल्लेले अंगी लागत नाही, तेव्हा तीही चुकवू नये.

गोळीबरोबर घरचे अन्न हवे. त्यासाठी बाजारातून महागाचे डबे आणायला नकोत. बाजरीची भाकरी आपल्या घरची. पश्चिमेकडे नाचणी आहे. मेथी, शेपू, मोडाची मटकी, हुलग्याचे शेंगोळे, शेंगदाण्याचा लाडू, आणि खात असाल तर अंडी, मासे. त्यावर लिंबू पिळावे किंवा आवळा द्यावा, म्हणजे अन्नातले लोह अंगात नीट उतरते. आणि जेवणाबरोबर चहा नको, कारण चहा ते लोह अडवतो. आपल्याकडे चहा-भाकरी हाच मुलांचा नाश्ता झाला आहे, तो आपणच मोडला पाहिजे. मी आता रात्रीच दोन शेंगदाण्याचे लाडू डब्यात टाकून ठेवते. मुलगी एस.टी.त बसून खाते.

तिसरी गोष्ट तपासणीची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून सरकारचा एक कार्यक्रम आहे. त्याची सुरुवात २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात पालघरला झाली. त्यात डॉक्टरांचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुले तपासते. दात, डोळे, कान, हृदय, त्वचा, वजन, सगळे पाहते आणि जरूर पडली तर पुढच्या दवाखान्यात चिठ्ठी देते. माझ्या जाऊबाईंचा मुलगा दोन वर्षे गणितात नापास होत होता. सगळे त्याला ढ म्हणत. तपासणीत निघाले की त्याला फळ्यावरचे दिसतच नव्हते. चष्मा लागला आणि पोरगा पास झाला. पण ती चिठ्ठी त्याच्या दप्तरात दीड महिना पडून होती! तपासणी झाली की मुलाला विचारा, चिठ्ठी मिळाली का? मिळाली असेल तर मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर, जवळ पडेल त्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा. धनुर्वात-घटसर्पाची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची असते, तीही आपण विसरतो.

ज्या भगिनींच्या मुली आश्रमशाळेत राहतात त्यांना माझे वेगळे सांगणे आहे. डिंभ्याच्या वरच्या खोऱ्यांतून, भीमाशंकरच्या बाजूने पुष्कळ मुली अशा राहतात. भेटायला जाल तेव्हा खाऊ द्याच, पण झोपायची जागा, पाणी, संडास डोळ्यांनी पाहून या. अडचण असेल तर मुख्याध्यापकांना सांगा. तिथे भागले नाही तर घोडेगावला आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय आहे, तिथे चारजणींनी मिळून जा.

शेवटची गोष्ट मनाची. आपल्या लहानपणी दहावीला इतके महत्त्व नव्हते. आता घरोघरी दहावीचे भूत बसले आहे. टक्के, टक्के आणि टक्के. मुलगी रात्री एकपर्यंत जागते. अर्धा वेळ अभ्यास, अर्धा वेळ मोबाईल. या वयाला आठ तासांची झोप हवी. जी मुलगी बोलायची थांबली, जेवेनाशी झाली, मैत्रिणी टाळू लागली, तिला रागावू नका. जवळ बसवा, विचारा. तिने काही भयंकर बोलून दाखवले तर "असे बोलू नये" म्हणून गप्प करू नका, ऐकून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर मनाच्या दुखण्यावर सल्ला मिळतो, पैसे पडत नाहीत. ही सोय ऑक्टोबर २०२२ पासून आहे. मुलावर कोणी हात टाकत असेल, छळत असेल तर १०९८ हा मुलांचा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुलांना दिसतील असे लिहा, म्हणजे आपल्याला सांगायची लाज वाटली तरी त्यांना वाट राहील. शाळांतून २०२२ सालापासून सखी सावित्री समिती नेमायची असते. आपल्या शाळेत ती आहे का, कोण कोण आहे, हे विचारायला आपल्याला हक्क आहे.

आता आवरते घेते. आजच्या दिवशी मंडळापुढे माझे एवढेच मागणे आहे. सोमवारची फेरी आज आम्ही पाचजणी करतो, ती मंडळाची व्हावी. प्रत्येकीच्या वाट्याला वर्षातून दोन सोमवार येतील. नावे आज इथेच लिहून घ्यावीत. चहा झाल्यावर चिटणीसबाई वही घेऊन बसतील. ज्यांची मुले आता शाळेत नाहीत त्यांनीही नाव द्यावे. आपल्या वेळी पाहायला कोणी आले नाही, म्हणून तर आपल्यातल्या कितीजणी सातवीवर थांबल्या.

आणि घरी गेल्यावर आज संध्याकाळी एक करा. मुलीच्या दप्तरातली बाटली हातात घेऊन पाहा. भरलेली असेल तर तिला रागावू नका. का, एवढेच विचारा.